शिल्डनचं लोकोमोशन संग्रहालय : वाफेच्या इंजिनाचं माहेर

इंग्लंडात रेल्वे बघायची म्हटलं की आपली मंडळी यॉर्कला जातात. जावंच. तिथे मॅलार्ड हे वाफेचं इंजिन आहे, १९३८ साली ताशी १२६ मैल धावलेलं. पण वाफेचं इंजिन मुळात कसं सुचलं, कसं चुकत-माकत घडलं, ते ज्याला डोळ्यांनी पाहायचंय त्याने यॉर्कहून उत्तरेला डार्लिंग्टन गाठावं, तिथून छोटी गाडी पकडावी आणि शिल्डनला उतरावं. डरहॅम परगण्यातलं हे खाणवाल्यांचं आणि कारखानदारीचं लहानसं गाव. तिथे ‘लोकोमोशन’ नावाचं संग्रहालय २००४ पासून आहे. यॉर्कच्याच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचं हे भावंड. प्रवेश फुकट.

माझी ओळख आधी देतो, म्हणजे मी कुठल्या नजरेने लिहितोय ते कळेल. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज शेडमध्ये मी खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि बॉयलरमेकर झालो. मिरज, पंढरपूर, लातूरकडे धावणारी ती अडीच फुटी लाइन. आषाढीला डब्यांच्या टपावरसुद्धा माणसं असायची. इंजिनाचा रंग, चाकांची उंची, शिट्टीचा आवाज यांचं लोकांना कौतुक असतं. माझं सगळं आयुष्य बॉयलरच्या पोटात गेलं. लेक आणि जावई सध्या त्या भागात राहतात, त्यामुळे शिल्डनला जाण्याचा योग आला. एका दिवसात मन भरलं नाही म्हणून पुन्हा गेलो.

डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडला जाणारी जी गाडी शिल्डनला नेते, तिचा रस्ता हाच खरा पहिला देखावा आहे, म्हणून मोटारीने जाऊ नका. स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झाली. तिच्या मूळ मार्गाच्या बऱ्याच भागावरून आजही ही गाडी जाते. नॉर्थ रोड स्टेशनजवळ ती स्कर्न नदीवरचा १८२५ चा दगडी पूल ओलांडते. मग हेइंग्टन नावाचं बारकं स्टेशन लागतं. या जागेला पूर्वी एक्लिफ लेन म्हणत. न्यूकॅसलच्या कारखान्यातून रस्त्याने आणलेलं ‘लोकोमोशन’ इंजिन इथेच पहिल्यांदा रुळांवर चढवलं. आणि १ जुलै १८२८ रोजी त्याच एक्लिफ लेनला त्याच इंजिनाचा बॉयलर फुटला आणि ड्रायव्हर जॉन क्री दगावला. खिडकीतून पाहाल तर शेत आणि दोन-चार इमारती, एवढंच दिसेल. बॉयलरवर काम केलेल्या माणसाचा हात मात्र तिथे आपोआप छातीशी जातो.

आता आतलं. मी गेलो तेव्हा तीन मूळ इंजिनं तिथे होती : लोकोमोशन (१८२५), सां परेल (१८२९) आणि रॉकेट (१८२९). प्रतिकृतीही आहेत, पण ही तिन्ही खरी, त्या काळची. या तिघांसाठीच मी म्हणतो की शिल्डनसारखी जागा दुसरी नाही. पाहताना क्रम चुकवू नका. बहुतेक लोक आत आले की सरळ रॉकेटकडे जातात, कारण नाव शाळेत ऐकलेलं असतं. तसं केलंत तर रॉकेट म्हणजे एक काळं, उघडंबोडकं, अर्धे भाग गळालेलं यंत्र वाटेल. आधी लोकोमोशन, मग सां परेल, शेवटी रॉकेट, आणि तिघांकडे पाहताना एकच प्रश्न मनात ठेवा : आग पाण्याला किती भिडते?

लोकोमोशनच्या बॉयलरमधून एकच मोठी सरळ नळी जाते. एका टोकाला आग, दुसऱ्या टोकाला धुराडं. मध्ये जेवढा पत्रा पाण्याला लागतो तेवढ्याच जागेतून उष्णता पाण्यात जाणार, उरलेली धुराड्यातून आभाळात. सिलिंडर दोन, तेही उभे आणि बॉयलरच्याच अंगात बसवलेले, म्हणजे वाफेची ऊब टिकावी. डोक्यावर आडव्या दांड्यांची चौकट वरखाली होत असेल, ती आज थांबलेली असली तरी नजरेला चालती दिसते. या इंजिनाने जगाला एक मोलाची गोष्ट दिली ती खाली आहे : पुढचं आणि मागचं चाक जोडणारा दांडा, आपण ज्याला कपलिंग रॉड म्हणतो तो. त्याआधी हे काम साखळी करायची, आणि साखळी झिजून सैल पडायची. त्या दांड्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. आमच्या नॅरोगेजच्या झेडपी इंजिनापासून मोठ्या ब्रॉडगेज इंजिनांपर्यंत सगळ्यांच्या पायात हाच दांडा.

एक लक्षात घ्या : हे इंजिन आहे तसं १८२५ चं नाही. स्फोटानंतर बॉयलर बदलला, पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या. शेवटी काही वर्षं ते एका जागी उभं राहून पाणी उपसत होतं आणि १८५७ साली ते जतन करायचं ठरलं. पुढे वर्षानुवर्षं ते डार्लिंग्टनमध्ये होतं, शिल्डनला आलं २०२१ मध्ये. कुणाला वाटेल की मूळ भाग कमी म्हणजे किंमत कमी. मला उलट वाटतं. कामाचं इंजिन असंच असतं. शेडमध्ये आमच्याकडे एखादं इंजिन पन्नास वर्षं टिकायचं ते त्याचे भाग बदलत राहिल्यामुळेच.

सां परेल हे माझ्या मते या संग्रहालयाचं काळीज. ते बनवलं टिमोथी हॅकवर्थने, इथेच शिल्डनमध्ये. हॅकवर्थ १८२५ पासून या रेल्वेच्या इंजिनांचा प्रमुख होता. रोजच्या रोज बिघडणारी इंजिनं चालती ठेवणं हे त्याचं काम. म्हणजे आमच्याच जातकुळीचा माणूस, शेडचा. त्याने नळी वाकवून परत आणली, इंग्रजी यू अक्षरासारखी. आग ज्या टोकाला, धुराडंही त्याच टोकाला. उष्णता बॉयलरमधून दोनदा फिरते, तेव्हा पाण्याला भिडणारा पत्रा वाढतो. फायरमन धुराड्याच्या पायथ्याशी उभा राहून कोळसा मारणार आणि ड्रायव्हर विरुद्ध टोकाला. दोघांचं बोलणं कसं होत असेल, हा विचार मनातून जाता जात नाही. आमच्याकडे ड्रायव्हरने नुसती मान हलवली की फायरमनला कळायचं की चढ येतोय.

सिलिंडर मात्र उभेच राहिले आणि दट्ट्याचा जोर सरळ खालच्या धुरीवर. अशा धुरीला स्प्रिंग देता येत नाही, म्हणून प्रत्येक फेऱ्याला रुळांवर ठोका बसणार. ही इंजिनाची दुखरी बाजू आहे, ती कोपऱ्यात वाकून पाहिली की समजते.

ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेने रेनहिल इथे इंजिनांची शर्यत ठेवली. बक्षीस ५०० पौंड. वजनाची मर्यादा, स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझं, ताशी किमान १० मैल वेग, आणि त्या लहानशा पट्ट्यावर मागे-पुढे करत एकूण सुमारे ७० मैल. सां परेल मर्यादेपेक्षा जड भरलं, तरी त्याला धावू दिलं. चाललंही चांगलं. मग बॉयलरला पाणी पुरवणारा पंप बिघडला, पाणी खाली गेलं आणि लेड प्लग वितळला.

ज्याने शेडमध्ये काम केलंय त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, वरच्या पत्र्यात शिशाचं बूच असतं. पाणी त्याच्या खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि बॉयलर फुटण्याआधी माणसाला सावध करते. बूच गेलं म्हणजे गाडी तिथेच उभी. आग पाडायची, इंजिन थंड करायचं, दुसरं इंजिन मागवायचं. आमच्या वेळी ड्रायव्हर-फायरमनची चौकशी लागायची. हॅकवर्थच्या बाबतीत हे सगळं हजारो लोकांसमोर घडलं. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : शर्यत हरलेलं हे इंजिन त्याच कंपनीने विकत घेतलं. मग बोल्टन अँड ली रेल्वेवर ते १८४४ पर्यंत गाड्या ओढत राहिलं आणि त्यानंतर एका कोळसाखाणीवर स्थिर इंजिन म्हणून १८६३ पर्यंत राबलं. शर्यतीत हरलं, चाकरीत नाही.

आणि मग ती शर्यत जिंकलेलं रॉकेट. रॉबर्ट स्टीफन्सनच्या न्यूकॅसलच्या कारखान्यात घडलेलं. एका नळीच्या जागी तांब्याच्या २५ नळ्या, प्रत्येकी ३ इंच व्यासाच्या. ही कल्पना लिव्हरपूल अँड मँचेस्टर कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांची. फ्रान्समध्ये मार्क सेगँ यांनीही स्वतंत्रपणे तोच मार्ग धरला होता. आग वेगळ्या पेटीत, बॉयलरच्या मागे. त्या पेटीभोवतीही पाणी. सिलिंडरमधून सुटलेली वाफ बारीक तोंडातून धुराड्यात वर सोडलेली, म्हणजे ती जाताना हवा खेचते आणि आग भडकते. इंजिन जितकं जोरात चालेल तितका भाता जोरात. सां परेलमध्ये आगीला भिडणारी जागा सुमारे ९० चौरस फूट होती, रॉकेटमध्ये सुमारे १३८. आणि रॉकेट वजनाला हलकं. सगळा निकाल या दोन आकड्यांत आहे.

मूळचा तांब्याचा फायरबॉक्स आज रॉकेटला नाही. तिरपे सिलिंडर पुढे काही काळातच जवळपास आडवे करण्यात आले, तेच आज दिसतात. पुस्तकांतल्या चित्रातलं पिवळं, पांढऱ्या धुराड्याचं रॉकेट मनात धरून गेलेल्यांचा थोडा हिरमोड होतो. त्यासाठी प्रतिकृती पाहा. मला मात्र हे सोललेलं रॉकेट जास्त आवडलं. मागच्या बाजूला जा. बॉयलरचं तोंड पाहता येतं, आणि पूर्ण सजवलेल्या इंजिनात जे कधीच दिसत नाही ते ध्यानात येतं. कुर्डुवाडीला वॉशआउटच्या दिवशी आम्ही याच रचनेपुढे बसायचो. धुराड्याकडचं दार उघडायचं, लांब सळईने एकेक ट्यूब झाडायची, काजळी नाकातोंडात. मग प्लग काढून पाण्याच्या जोराने आतले क्षाराचे पापुद्रे पाडायचे. त्या भागातलं पाणी जड, पापुद्रे जाड. १८२९ साली घातलेल्या त्या २५ नळ्यांच्याच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सेवेत होतो, हे मला शिल्डनला येईपर्यंत कुणी असं समोर उभं करून दाखवलं नव्हतं.

कुर्डुवाडीचा आणि या इंजिनांचा धागा तसा सरळ आहे. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उमेदवारीची सुरुवात रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनीत केली, मग क्रूच्या रेल्वे कारखान्यात शिकले, आणि १८८२ मध्ये आपल्याकडे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत आले. बार्शीची लाइन १८९७ ला सुरू झाली. ज्या जीआयपीने १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धाववली, तिचे सल्लागार अभियंते खुद्द रॉबर्ट स्टीफन्सन, आणि तिची पहिली इंजिनं लँकशरच्या व्हल्कन फाउंड्रीची. तीही फाउंड्री स्थापण्यात स्टीफन्सन यांचा वाटा होता. मराठी माणसाने शिल्डनला परकं म्हणून फिरू नये, ते याचसाठी.

इमारतींबाहेरचा भाग लोक टाळतात. टाळू नका. हॅकवर्थचं घर आवारातच आहे, आणि त्याच्या सोहो कारखान्याची इमारतही. याच कारखान्यातून १८३६ मध्ये रशियाच्या झारच्या रेल्वेसाठी इंजिन गेलं आणि ते पोचवायला हॅकवर्थचा सोळा वर्षांचा मुलगा जॉन वेस्ली गेला. हे वाचून माझी बायको घराच्या दारात थांबली आणि म्हणाली, “त्याच्या आईने कसं सोडलं असेल हो?” मला हा प्रश्न सुचला नव्हता. त्यापुढे कोळशाचे टप्पे लागतात. वर रुळांवर कोळशाची वाघीण आणायची, खाली इंजिनाचा टेंडर, म्हणजे मागचा कोळशाचा डबा, उभा करायचा आणि कोळसा घसरगुंडीवरून आपोआप खाली. आमच्याकडे बायामाणसं टोपल्या डोक्यावर घेऊन टेंडर भरायची ते मी पाहिलंय. त्या उंच दगडी भिंतीखाली उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की हा साधा उतार आम्हाला का मिळाला नाही.

गॉनलेस नदीवरचा लोखंडी पूलही आता इथे आणून ठेवलाय. १८२० च्या दशकातला, रॉबर्टचे वडील जॉर्ज स्टीफन्सन यांचा, जगातल्या पहिल्या लोखंडी रेल्वेपुलांपैकी एक. माशाच्या अंगासारख्या फुगीर कमानींचा, दिसायला नाजूक.

मे २०२४ मध्ये उघडलेलं नवं दालन मोठं आहे, आत बहुतेक वाघिणी आणि डबे. ज्यांना मालगाड्यांची आवड त्यांना दिवस पुरणार नाही. शिल्डनचा वाघिणींचा कारखाना १९८४ ला बंद झाला, त्यामुळे गावकऱ्यांच्या लेखी हे दालन घरचंच आहे. मी तिथे भरभर फिरलो. वळणावर झुकणारी प्रायोगिक एपीटी-ई गाडीही संग्रहात आहे, जावयाला तीच सगळ्यात आवडली.

स्वयंसेवकांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय परतू नका. बरेचसे उतारवयाचे, आणि आपल्याला खरंच जाणून घ्यायचंय असं दिसलं की ते हातचं राखून ठेवत नाहीत. मला भेटलेल्या एकाने विचारलं, तुमच्याकडे फायरबॉक्सचे स्टे, म्हणजे पत्रे धरून ठेवणारे बोल्ट, कसे तपासायचे? मी म्हणालो, हातोडीने. एकेका स्टेवर ठोका मारायचा; धड असेल तर खणखणीत वाजतो, तुटला असेल तर मेल्यासारखा. लेक भाषांतर करायला पुढे आली, तोवर त्याने स्वतःच बोटाने हवेत दोन ठोके मारून दाखवले होते. मग तासभर आम्ही दोघे सां परेलच्या पंपाबद्दल बोललो. त्याचं म्हणणं, पंप टिकला असता तर निकाल निदान चुरशीचा झाला असता. मला ते पटलं नाही. पंप टिकला असता तरी कोळसा जास्त खाल्ला असता. ९० चौरस फूट ते ९० चौरस फूट. पण हॅकवर्थची बाजू आजही तितक्या जिद्दीने मांडणारा माणूस त्याच्या गावात आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

माझी एक इच्छा आहे. या तिन्ही बॉयलरची पत्र्याची उघडी प्रारूपं, उभी चिरलेली, मुलांना हात घालता येईल अशी एका रांगेत असावीत : सरळ नळी, वाकलेली नळी, पंचवीस नळ्या. एवढं पाहिलं की दहा वर्षांच्या मुलालाही फरक कळेल, फलक वाचावा लागणार नाही. कारण बाहेरून पाहिलं तर तिन्ही शेवटी पिंपंच.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वाफेच्या गाडीतून फेरी मारता येते, पण ती ठराविक दिवशीच असते. आधी वेळापत्रक पाहून दिवस ठरवा. जुनी इंजिनं अधूनमधून दुसऱ्या संग्रहालयांत पाठवली जातात, तेव्हा रॉकेट, लोकोमोशन आणि सां परेल सध्या तिथे आहेत का, हेही विचारून घ्या. आवार लांबट पसरलेलं आहे, एका टोकाला दालनं आणि दुसऱ्या टोकाकडे हॅकवर्थचं घर. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो, स्वेटर असू द्या. शाकाहारी असाल तर कॅफेत चहा-केकवर भागतं, पण आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. पेटीत देणगी जरूर टाका.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी बाहेर पळू द्या आणि मग आत आणा. आणि घरात कुणी जुना लोको शेडचा माणूस असेल, ड्रायव्हर, फायरमन, फिटर, कुणीही, तर मुलाबाळांकडे गेल्यावर लंडनचा एक दिवस कमी करून त्याला इथे न्या. डार्लिंग्टन हे लंडन ते एडिंबरा मुख्य मार्गावरचंच स्टेशन आहे, गाडी तिथे बदलायची. सकाळी लवकर पोचा, म्हणजे रॉकेटच्या मागच्या बाजूला गर्दी नसते.